गाठीचा डूख

“मामा, हसताय काय?” डॉक्टर हेबळेबाईंनी मला विचारलं.

मी हसत नव्हतो. माझं तोंडच तसं आहे. बाप गेला तेव्हा मूठमाती द्यायला आलेल्या जंगमानंही मला हेच विचारलं होतं. वरचे दात पुढं, गालांना खळ्या, त्यात जन्मभर थापा मारून ओठांना लागलेलं वळण. असल्या माणसाला गंभीर व्हायचं असेल तर डोक्यावरची टोपी काढण्याखेरीज उपाय नसतो. मी टोपी काढून मांडीवर ठेवली.

“हसत न्हाई बाई. तुम्ही बोला.”

शेजारच्या खुर्चीत माझा भाचा म्हांतेश बसला होता. वय एकोणीस, आणि दारातून जाताना वाकावं लागेल एवढा उंच. गडहिंग्लज तालुक्यात व्हॉलीबॉलचं जाळं कुठंही बांधलं की याला बोलावणं यायचंच. तोच पोरगा एके दिवशी वरून आलेला चेंडू थेट नाकावर घेऊन बसला. डोळे वर जाईनात. आभाळ बघायचं तर सबंध मान मागं टाकायचा, पाणी पिणाऱ्या कोंबडीसारखी. आम्ही आधी चष्मा केला, मग दृष्ट काढली आणि मग पुण्याला नेला. आमच्याकडं हा क्रम ठरलेला आहे. मेंदूच्या मधोमध गाठ निघाली. बाईंनी बारीक भोकातून तिचा तुकडा काढून तपासला, सलाइनमधून औषधं सोडली, किरणं दिली. पोराचे केस गेले, भुवया गेल्या, पण गाठही विरघळत आली. आम्ही गावात पेढे वाटले. केस परत आले, भुवया आल्या, आणि त्यांच्या पाठोपाठ सकाळच्या उलट्याही आल्या.

“गाठ वाढलीय,” बाई फिल्म उजेडाला धरून म्हणाल्या. “पण ती पहिली नाही ही.”

“म्हणजे दुसरी झाली?”

“जागा तीच, जात बदललीय. पहिल्या गाठीत दोन जाती मिसळलेल्या असणार. त्यातली वाईट होती ती औषधानं मेली. रक्तात तिची खूण उरलेली नाही, पुन्हा पुन्हा तपासून बघितलं मी. मागं राहिली ती ही. ही अंगात कुठं पसरत नाही. नुसती जागा खाते.”

“मग द्या की परत औषध.”

“हिला औषध लागू पडत नाही. किरणंही लागू होत नाहीत. हिला बाहेरच काढावं लागतं. पूर्ण निघाली तर बहुतेक कटकट मिटली.” बाईंनी फिल्म खाली ठेवली. “अशा गाठी फार क्वचित होतात. मी मोजक्याच पाहिल्यात. नक्की काय ते डोकं उघडल्यावरच कळेल. आणि जागा अडचणीची आहे, धोका आहे. तुम्हाला खोटं सांगणार नाही.”

“आन न्हाई काढली तर?” म्हांतेशनं विचारलं.

“डोक्यात जागा थोडीच असते रे.”

म्हांतेश म्हणाला, “आई म्हणंल तसं.”

आणि सगळं अडलं ते तिथंच.

त्याची आई म्हणजे माझी थोरली बहीण, निलव्वा. नवरा लवकर गेला. चार म्हशी आणि हा एक मुलगा, एवढा तिचा संसार. तिच्या दुधात पाणी नसायचं आणि बोलण्यातही नसायचं. मठातल्या स्वामींनी प्रवचन संपवून प्रेमानं विचारलं, “कसं झालं अव्वा?” तर म्हणाली, “लांबलं.” ती आणि मी एकाच आईच्या पोटचे, यावर गावाचा विश्वास बसत नसे. मला वाटतं घरात जेवढं खरं बोलणं होतं ते तिनं आधी येऊन उचललं, माझ्यासाठी काही शिल्लकच राहिलं नाही.

पुण्याहून आलो तो तिला गोठ्यात गाठलं आणि डॉक्टरीणबाईंचं बोलणं शब्दाला शब्द सांगितलं. मीठमसाला काही नाही. ती म्हशीच्या कासेपासून उठली नाही.

“परत आलं न्हवं?”

“आलं. पण बदलून आलंय, आक्का. त्यात आता जहर...”

“बदलून आलं म्हणजे डुखानं आलं.” चरवीतला धारेचा आवाज थांबला. “एकदा हाणलं आन अर्धं सोडलं. आता ते दुसरं रूप घेऊन आलंय. त्याला परत डिवचायचं न्हाई. माझ्या पोराच्या डोक्याला मी कुणाचा हात लागू द्यायची न्हाई.”

“हे असलं कुणी सांगितलं तुला?”

तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. “सगळ्या गावाला कुणी सांगितलंय?”

सांगितलं होतं मीच.

त्याचं असं आहे. जखमी करून सोडलेला साप डूख धरतो, ही समजूत काही माझी नव्हे. ती माझ्या जन्माआधीची. मी तिला नुसते पाय फोडले. गुरलिंगच्या चहाच्या हॉटेलात माझी सगळ्यांत चालणारी गोष्ट ती हीच. उसाच्या फडात माझ्या खुरप्यानं एका नागाची शेपटी तुटते. पुढच्या साली तो घोणस होऊन येतो, शेपटी तुटकीच. त्याच्या पुढच्या साली मण्यार होऊन. दरवेळी आधीपेक्षा जहरी. मी भिऊन कोल्हापूरला पळालो तर एसटीत माझ्याच सीटखाली निघाला. कंडक्टरनं त्याचं अर्धं तिकीट फाडलं आणि पैसे माझ्याकडून घेतले. या गोष्टीला शेवट नव्हता. कुणीतरी विचारायचं, “औंदा?” मी आवाज खाली घेऊन म्हणायचो, “औंदा अजून आला न्हाई,” आणि बाकावरची माणसं पाय वर घेऊन मांडी घालायची. कुणाकडं पाहुणा आला की आधी त्याला चहा, मग माझा साप. पाहुण्याला दोन्ही पाजल्याशिवाय गुरलिंग सोडत नसे. ती गोष्ट म्हणजे माझी जमीन होती. दुसरी होती ती भावकीनं खाल्ली.

“आक्का, ती थाप हाय!”

“आता थाप म्हणालास?”

“आईशप्पत थाप.”

“पोरासाठी काय बी बोलशील तू,” असं म्हणून तिनं परत धार काढायला घेतली.

म्हटलं, गावाची तरी साक्ष काढावी. तसाच गुरलिंगकडं गेलो.

“गुरलिंगा, माझी सापाची गोष्ट खरी का खोटी?”

“शंभर टक्के खरी.”

“मर्दा, कंडक्टर सापाला तिकीट देतोय व्हय?”

“तिकिटाचं तू वाढवलेलं असशील. पण साप खरा.” गुरलिंगनं फडक्यानं बाक पुसलं. “निलव्वाक्का बरोबर बोलालीया, दुंडाप्पा. डिवचू नका त्याला. म्हांत्या आपला पोरगा हाय, म्हणून सांगतो.”

थापा मारायचो तेव्हा गाव म्हणायचं, दुंडाप्पा खोटारडा. थाप आहे असं कबूल केलं तरी गाव म्हणालं, दुंडाप्पा खोटारडा. माणसानं जायचं कुठं?

इकडं म्हांतेश उतरत चालला होता. भिंत धरून चालायचा. भाकरी पुढ्यात घ्यायचा आणि तशीच ठेवायचा. डोळ्याला उजेड सोसेना. मी एकदा त्याला बाजूला घेऊन म्हटलं, “बाबा, तू आता जाणता हाईस. आपली आपण सही कर आन चल.” तर म्हणाला, “मागल्या खेपेला आई त्या दवाखान्याच्या जिन्यात बसून दिवस काढली गा मामा. तिच्या मनाविरुद्ध मी परत झोपायचो न्हाई तिथं.” आणि वर म्हणाला, “आन ती म्हणती ते खरं असलं तर?”

मग आला बाजारचा दिवस. गुरलिंगचं हॉटेल भरलेलं. सीमेपलीकडचे दोन बैलव्यापारी मधल्या बाकावर भजी खात होते. म्हांतेश कोपऱ्यात खांबाला डोकं टेकून बसला होता, डोळ्यांवर टॉवेल ओढून. हॉटेलाला लागून पिठाची गिरण, मधे नुसता एक पत्रा. आक्का जोंधळ्याचं दळप घेऊन तिकडं बसली होती, हे मला येतानाच दिसलं होतं. वीज गेलेली, त्यामुळं गिरण गप्प होती.

“पाहुण्यांना सापाची सांग गा,” गुरलिंगनं फर्मावलं.

“आज नको.”

“सांग की मामा,” टॉवेलाखालून म्हांतेश बोलला. “औंदा काय होऊन आला?”

सगळे हसले. तो हसला नाही. ती गोष्ट त्यानं माझ्या मांडीवर बसून ऐकलेली, शंभरदा ऐकलेली. पण असं कधी विचारलं नव्हतं. वैद्यापुढं हात धरून विचारावं, तसं विचारलं.

मी टोपी काढून बाकावर ठेवली.

“औंदा आला,” मी म्हटलं.

बाकांवर सगळ्यांचे पाय वर गेले. व्यापाऱ्यांना काही ठाऊक नव्हतं, तरी त्यांनीही घेतले.

“कुठं?”

“घरात. जोंधळ्याच्या कणगीत, बरोबर मधोमध वेटोळं घालून. हे एवढं धूड! शेपटी तुटकी, म्हणजे त्योच. मण्यारीपेक्षा तिप्पट. मी म्हटलं, दुंडाप्पा, संपलास.”

“मग?”

“धूर केला, हलला न्हाई. पुंगीवाला आणला, ऐकला न्हाई. मंत्र घातला, तर त्यानं जांभई दिली.”

“साप जांभई देतोय व्हय?” एक व्यापारी म्हणाला.

“ह्यानं दिली. म्हणून तर मला त्याच्या तोंडात बघाय मिळालं.” मी थांबलो. या जागी थांबायचं असतं, ते अंगवळणी पडलेलं. पण या खेपेला पुढचं वाक्य मलाच जड गेलं. “आत जहराचे दात न्हाईत.”

“म्हणजे?” गुरलिंगनं विचारलं.

“धामण.”

“काय?”

“धामण होऊन आलाय. जेवढं जहर होतं तेवढं मागच्या कातीबरोबर टाकून आलाय. नुसतं धूड राहिलंय, जागा अडवून बसलेलं.”

गुरलिंगनं किटली आपटली. “आरं हाट्! डुखाचा साप आन धामण? ह्यो काय शेवट झाला व्हय? पाहुण्यांसमोर अब्रू घालवलास की गा माझी!”

“धामणी आमच्या रानात रोज दिसत्यात,” व्यापारी म्हणाला, आणि दोघे हात पुसून उठले. मागच्या बाकावरचं कुणीतरी म्हणालं, “म्हातारा झाला दुंडाप्पा.” माणसं पाय खाली सोडून चपला शोधायला लागली. हॉटेलात माझी गोष्ट चालू असताना त्याआधी कधी कुणी चपला शोधल्या नव्हत्या.

म्हांतेश तेवढा टॉवेल काढून पुढं सरकला.

“जहर न्हाई तर राहू दे की तिथंच.”

“धामण वाढती, बाळ. कणगी वाढत न्हाई. आतनं फुटंल ती.”

“काढणार कसा मग?”

“एक बाई हाय. असले अडचणीत बसलेले साप ती हातानं उचलती. लई न्हाई उचललेले. पण उचललेत.”

“आन उचलताना कणगी फुटली तर?”

माझ्या जिभेवर उत्तर आलं होतं. चांगलं रंगीत, झालर लावलेलं, ऐकून हॉटेल परत मांडी घालून बसलं असतं असलं. ते मी गिळलं.

“फुटू शकती,” मी म्हटलं. “ती बाई बी तसंच म्हणाली.”

“मग उचलला का?”

“अजून न्हाई.”

तेवढ्यात वीज आली. पत्र्याआड गिरण सुरू झाली आणि पुढं कुणाचं काही ऐकू येईना.

घरी जाताना आम्ही तिघं बांधावरून चाललो होतो. म्हांतेश माझ्या खांद्यावर हात ठेवून, आक्का पिठाचा डबा डोक्यावर घेऊन पुढं. तिच्या भुवयांवर पीठ बसलं होतं. तिनं मागं न बघता विचारलं, “दुंडू, पुण्याची गाडी सकाळची हाय का दुपारची?”

मी सांगितलं, “सकाळची.” तेवढंच. जास्त बोललो असतो तर काहीतरी वाढवून बोललो असतो.

पुण्याला त्याला आत नेला आणि आम्ही दोघं बाहेरच्या बाकावर बसलो. आक्का जपमाळ घेऊन, मी काहीच न घेता. वेळ काही सरेना. मी गप्प बसणारा माणूस नव्हे. जरा वेळानं म्हटलं, “काय बी म्हण आक्का, शेवटी माझ्या धामणीनंच तुला पटवलं.”

“तुझी धामण कुणाला पटली?” ती म्हणाली. “माझी म्हैस बी हसंल तिला.”

“मग आलीस कशी?”

तिनं माळेतला एक मणी ओढला, मग दुसरा. “मी पत्र्याआड बसून ऐकालती. तुझ्याजवळ होतं काय दुसरं? त्या एका सापावर तुला गावात चहा मिळत होता, मान मिळत होता. एवढी चालती थाप कोण आपल्या हातानं मोडतंय? तू मोडलास. बाजारात, पाहुण्यांसमोर. तवा म्हटलं, ह्याला त्या बाईचं बोलणं खरंच पटलंय.” तिसरा मणी. “तुला पटलं म्हणून मला पटलं. आता गप बस.”

मी टोपी काढून मांडीवर ठेवली.

हेबळेबाई बाहेर आल्या त्या तोंडावरची पट्टी खाली ओढतच. “निघाली,” म्हणाल्या. “सगळी निघाली. वाटली होती त्याच जातीची. मुलगा ठीक आहे. काही दिवस एकाचे दोन दिसतील, तोल जाईल, घाबरू नका.” आणि आमच्यापुढं एक बाटली धरली. “नातेवाइकांना दाखवतो आम्ही. बघा, यात चरबी आहे, हा मऊ हाडासारखा तुकडा, आणि हे केस.”

“केस?” मी म्हटलं.

“केस.”

“डोक्याच्या आत?”

“या जातीच्या गाठीत निघतात. औषधाला ती दाद देत नाही ती त्यामुळंच. औषधानं मारण्यासारखं काही नसतं तिच्यात.”

मी वाकून बघितलं. होते खरे. काळे, बारीक, भुवईतून चार उपटून टाकावेत तेवढे. खरं सांगतो, भाचा वाचला याचा आनंद पोटात मावत नव्हता. तरी त्याच पोटात कुठंतरी वाईटही वाटलं. सापाला तिकीट काढलं, मंत्रावर जांभई द्यायला लावली, पण माणसाच्या मेंदूत केस उगवायची छाती मला एवढ्या वर्षांत झाली नव्हती.

त्याला आता बरीच वर्षं झाली. म्हांतेश तालुक्याच्या पोरांना व्हॉलीबॉल शिकवतो. उंच चेंडू बघायला अजून मान थोडी मागं टाकावी लागते, ती टाकतो. डोक्याची फिल्म काढायला पुण्याला जाऊन येतो आणि येताना हेबळेबाईंसाठी नेलेल्या तुपाचा रिकामा डबा परत आणतो. सापाची गोष्ट मला कुणी पुन्हा विचारली नाही. गुरलिंगनं माझा चहा काही दिवस बंदही ठेवला.

पण त्याआधी एक सांगायचं राहिलं. म्हांतेशला घरी आणला त्या संध्याकाळी आक्काच्या अंगणात गाव लोटलं होतं. डोक्याला पट्टी बांधून तो अंगणालगतच्या सोप्यात जेवायला बसला होता. एकाचे दोन दिसत असल्यानं भाकरीचा तुकडा मोडायला हात भलतीकडं जायचा आणि स्वतःच हसायचा. माणसं मला विचारत होती, काय निघालं, कसं निघालं. मी सांगितलं. जसं होतं तसं.

“केस!” गुरलिंग ओरडला. “मेंदूत केस! आरं, धामणीनं पोट भरलं न्हाई व्हय तुझं?”

अंगणात हशा उसळला. मी शपथा घेतल्या. आईची घेतली, मठाची घेतली. जितक्या घेतल्या तितके लोक जास्त हसले.

“मग आक्काला विचारा!” मी शेवटी म्हटलं. “तिनं डोळ्यांनी बघितलंय.”

हसणं थांबलं. सगळ्या माना तिच्याकडं वळल्या. ती चुलीवरनं भाकरी घेऊन सोप्यात आली होती.

“होते,” आक्का म्हणाली. “बाटलीत होते. मी बघितले.”

निलव्वा म्हणाली म्हणजे विषय संपला. एका म्हातारीनं दोन्ही कानांना हात लावले. गुरलिंगनं मान पुढं काढली.

“केवढे होते, आक्का?”

आक्का उत्तर द्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात म्हांतेश म्हणाला, “आई, आणखी अर्धी वाढ. भूक हाय अजून.”

तिनं अख्खी वाढली. त्याच्याकडं बघत ती क्षणभर तशीच वाकून राहिली. मग सरळ झाली, गुरलिंगकडं वळली, आपला हात खांद्याला लावला आणि हळूहळू खाली सरकवत कमरेपाशी आणला.

“हे एवढे,” ती म्हणाली. “वेणी घालावी एवढे. डॉक्टरीणबाईनं तेल लावून ठेवलेत.”

तिच्या तोंडावरची सुरकुतीसुद्धा हलली नव्हती. मी तिच्याकडं बघतच राहिलो. गुरलिंग माझ्याजवळ सरकला आणि हळूच म्हणाला, “दुंडाप्पा, खरं काय गा?”

“गुरलिंगा,” मी म्हटलं, “आमची आक्का कधी खोटं बोललीया व्हय?”